लेकीच्या घरचं पाणी

आमच्या आबांना एसटी लागते. बस स्टँडातून निघून चौकात वळायच्या आत त्यांचं डोकं खिडकीबाहेर गेलेलं असतं. उभ्या आयुष्यात मेंढरं हाकत त्यांनी पायी चार जिल्हे पालथे घातले, पण हट्ट्याहून परभणीला जायचं म्हटलं की लिंबू, आल्याचा तुकडा आणि प्लॅस्टिकची पिशवी अशी सगळी तयारी लागायची. त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, थेट समुद्राकाठी अलिबागला दिली तेव्हा भावकीत सगळ्यांना एकच प्रश्न पडला, की बाप लेकीला भेटायला जाणार कसा?

आबांकडे उत्तर तयार होतं. जायचंच नाही. आमच्याकडे रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. ही रीत कुणी काढली आणि कशासाठी काढली ते कुणालाच माहीत नव्हतं. ती मोडली कुणी, हे मात्र सगळ्या गावाला लगेच कळायचं. आबा म्हणायचे, "जाऊन काय करू? पाणी बी पिता येत न्हाई तिथं. नुसतं तोंड बघत बसू का एकमेकाचं?" एसटीची तकलीफ आणि ही रीत, दोन्ही एकमेकींना सांभाळून घेत होत्या. शिवाय अक्का दिवाळीला माहेरी यायचीच, मग जायची गरज काय?

पण लग्नाला सहा वर्षं झाली आणि अक्काच्या घरी पाळणा हलला नाही. पहिल्या वर्षी रीत ही नुसती रीत होती. पुढे पुढे ती अक्काला टोचायला लागली. माहेरी आली की ती हसूनखेळून असायची, पण आबांच्या हातात पाण्याचा तांब्या देताना जरा जास्त वेळ तिथंच उभी राहायची. मी तेव्हा जवळा बाजारला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करत होतो आणि मला ह्यातलं फारसं कळत नव्हतं.

कळलं ते फोनवर. गावातल्या किराणा दुकानात फोन होता, तिथं निरोप यायचा आणि आपण धावत जायचं. त्या दिवशी अक्का म्हणाली, "आमच्या चाळीत समद्या बायांचे बाप येऊन जातात. माझ्याकडं सहा वर्षांत कोणी आलं न्हाई. शेजारीण इचारते, तुला बाप हाय का न्हाई. आबांना म्हणावं, पाणी नका पिऊ, निस्तं येऊन बसा." मग तिचा आवाज बसला आणि फोन ठेवल्याचा आवाज आला. दुकानदारानं तराजूतल्या साखरेकडे बघत विचारलं, "समदं बराबर हाय ना?" मी हो म्हणालो.

रात्री जेवताना मी जसंच्या तसं सांगितलं. माय भाकरी थापता थापता थांबली. आबांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"एसटीनं मरतो मी," ते म्हणाले.

"मग मोटारसायकलवर चला," मी म्हणालो. मी गाडी नुकतीच घेतली होती, हप्त्यांवर, पण माझ्या नावावरची पहिली वस्तू ती. अलिबाग किती लांब आहे ह्याचा मी नकाशात अंदाज घेतला नव्हता. नकाशात ते वीतभर होतं.

"मी बी येते," माय म्हणाली.

"तू येऊन काय करणार? तुला बी तिथं पाणी चालत न्हाई," आबा म्हणाले. "आन् गाडीवर जागा कुठं हाय?"

"व्हय, ते बी खरंच," माय म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

रविवारी दुपारपर्यंत पोचतो, असा निरोप मी दुकानातून अक्काला दिला. निघताना आबांनी आमच्या विहिरीच्या पाण्यानं पाच लिटरचा कॅन भरून घेतला आणि कॅरिअरला मागं बांधला. वाटेत कुठंही पाणी चाललं असतं, पण लेकीच्या गावात बसून काय प्यायचं, त्याची ही सोय. सोबत ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घोंगडी. आबा धोतराचा काष्टा घट्ट मारून, दोन्ही बाजूला पाय टाकून बसले आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. ते हात पुढचे दोन दिवस तिथंच होते. डावीकडे वळायचं तर ते डावा खांदा दाबायचे. मी वळणाच्या पाट्या वाचत होतो, पण खरी गाडी तेच चालवत होते. तासाभरानं म्हणायचे, "थांब. दम खाऊ दे त्याला." मग उतरून इंजिनाजवळ हात धरून बघायचे, बैलाच्या मानेवर जू लागलं का बघतात तसे. मला लाज वाटायची, पण आजही मी लांबच्या प्रवासात गाडी थांबवून हात लावून बघतो.

आमचा जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता आणि माझ्या गाडीवर एमएच अडतीस असा नवा नंबर होता. मराठवाडा सोडला तसं लोक त्या पाटीकडे बघायला लागले. पुण्यात एका चौकात पोलिसानं थांबवून विचारलं, "अडतीस म्हणजे कुठलं?" मी जिल्ह्याचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "ते कुठं आलं?" आबांनी मागून उत्तर दिलं, "परभणीच्या पल्याड." त्यानं परभणीचं तरी नाव ऐकलेलं होतं की नाही कुणास ठाऊक, पण त्यानं जाऊ दिलं. आबांना वाटलं, ओळख निघाली.

अलिबागला पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि रविवार होता. लख्ख ऊन. मुंबईची सगळी माणसं त्या गावात उतरलेली. नारळपाणीवाले, भेळवाले, रंगीत टोप्या, घोडागाड्या, आणि बर्म्युडा घातलेले पुरुष. आबा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "ह्यांची धोतरं चोरीला गेली काय?" मी सरळ अक्काच्या घरी जाऊ म्हणालो, पण आबांनी उजवा खांदा दाबला. "आधी समुद्र बघू. मंग तिकडं जाऊ. म्हंजे तिथं जास्त बसावं लागणार न्हाई."

बाप लेकीला भेटायला अर्धा महाराष्ट्र ओलांडून आला होता आणि आता शेवटच्या मैलावर टाळाटाळ करत होता. मला राग आला. पण समुद्र मीही पाहिलेला नव्हता.

समुद्र दिसल्यावर आबांनी काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला. मग म्हणाले, "एवढं पाणी, आन् एक बी जनावर प्यायला आलेलं न्हाई." पुढे होऊन त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "मीठ जास्त झालं," ते म्हणाले, आणि बाजूला सेल्फ टायमर लावून फोटो काढणारं एक जोडपं हसलं.

गाडी कुठं लावायची हा प्रश्न होता. वरच्या कोरड्या वाळूत चाक रुतत होतं. खाली, पाण्यापासून बऱ्याच अंतरावर, वाळू ओली पण सिमेंटसारखी कडक होती. मी जरा घुटमळलो. आबांनी आभाळाकडे बघितलं. पूर्णेच्या पात्रात मेंढरं बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता. पूर कधी येणार, किती येणार, हे ते वरच्या अंगाचे ढग बघून सांगत आणि गाव त्यांचं ऐकत असे. ते म्हणाले, "लाव बिनघोर. आभाळात ढगाचा टिपका न्हाई. एवढ्या उन्हात पाणी वाढतंय कुठून?"

हा मुद्दा मला एकदम पटला. इयत्ता सातवीत भरती-ओहोटीवर मला पाचपैकी पाच मार्क पडले होते, पण ते पेपरात.

आम्ही सुरूच्या झाडांखाली सावलीत बसलो, भाकरी सोडली, चटणी खाल्ली. दोन दिवसांच्या प्रवासानं अंग आंबून गेलं होतं. आबा घोंगडीवर आडवे झाले, मीही झालो. जाग आली ती एका घोडागाडीवाल्याच्या ओरडण्यानं. "कुणाची गाडी? ए अडतीस!" मी उठून बघितलं तर समुद्र चालत पुढे आला होता आणि माझी गाडी सीटपर्यंत पाण्यात उभी होती. लाट आली की ती जराशी डोलायची. मग कलली आणि आडवी झाली.

आम्ही धावलो. आबा धोतरासकट कमरेइतक्या पाण्यात शिरले. घोडागाडीवाला, एक भेळवाला आणि दोन बर्म्युडावाले अशा सगळ्यांनी मिळून ती ओढून काढली. सायलेन्सरमधून पाण्याची धार लागली होती. कॅरिअरवरचा कॅन सुटून लाटांवर बसला होता आणि हळूहळू मुंबईच्या दिशेनं निघाला होता. आबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग वर आभाळाकडे बघितलं. ढग अजूनही नव्हता. "ह्याला काही कायदाच न्हाई," ते म्हणाले, आणि आवाजात खरंच दुखावल्यासारखं होतं. आयुष्यभराची विद्या एका दुपारी फुकट गेलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

घोडागाडीवाल्यानं सांगितलं, गाडी आधी गोड्या पाण्यानं भरपूर धुवा, मग मेकॅनिकला दाखवा, नाहीतर गंजून खलास होईल. गाडी ढकलत, निथळत, गावातल्या गर्दीतून आम्ही अक्काच्या चाळीपर्यंत गेलो. बाप सहा वर्षांनी लेकीच्या दारात आला तो असा.

अक्का दारातच उभी होती. दुपारपासून उभी असावी. आम्हाला बघून तिनं तोंडावर पदर धरला, आणि ती रडते आहे की हसते आहे ते कळेना. मग आत जाऊन बादली आणली. आबा बादलीकडे संशयानं बघायला लागले.

"पाय धुवायला हाय," ती म्हणाली.

आबांनी क्षणभर विचार केला. "पायाला चालतं," ते म्हणाले. "तोंडाला न्हाई."

तिनं मान हलवली. पण घरात कोपऱ्यात एक कोरा करकरीत स्टीलचा तांब्या आणि पेला झाकून ठेवलेला मी बघितला. त्यावरचा चिकटवलेला कागदही काढलेला नव्हता. मी बाहेर जाऊन गाडीकडे बघत बसलो.

दाजींना रविवारची सुट्टी नव्हती. संध्याकाळी ते कामावरून आले, मेकॅनिकला घेऊन आले. त्यानं सांगितलं, इंजिन उघडावं लागेल, उद्यापर्यंत काही होत नाही. म्हणजे मुक्काम. ज्या घरात पाणी प्यायचं नाही त्या घरात, कॅन गेलेला, भाकरी संपलेल्या. आबा ओट्यावर बसून ओठांवरून जीभ फिरवत होते. खारं पाणी तोंडात गेलेल्याला तहान जास्त लागते.

ह्यावरही आमच्या रीतीत पळवाट आहे. शेजारच्या घरचं चालतं. शेजारीण म्हणजे मासळी विकणाऱ्या एक काकू, मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या मनाच्या. अक्का त्यांच्याकडे जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली. "काकूच्या माठातलं हाय," ती म्हणाली. आबा ते घटाघटा प्यायले आणि त्यांनी आणखी मागितलं. रात्री अक्कानं काकूंच्याच स्वयंपाकघरात, काकूंच्या पिठाच्या भाकऱ्या केल्या आणि ताट झाकून आपल्या घरात आणलं. स्वतःची चूल असताना, स्वतःच्या बापाला जेवू घालायला तिला दुसऱ्याच्या घरी जावं लागलं. काकू दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. तांदळाची पांढरी भाकरी उलटीपालटी करत आबा म्हणाले, "ही आजारी हाय काय?" सगळे हसले. अक्काही हसली. मला मात्र आबांचा संताप येत होता, आणि बोलायची हिंमत नव्हती.

सकाळी आबा ओट्यावर बसून राखुंडीनं दात घासत होते. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं", आणि चाळीतल्या सगळ्या खोल्यांतून बाया हंडे, कळश्या घेऊन बाहेर पडल्या. त्या सगळ्या अक्काच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. अक्कानं मोरीतल्या नळाला पाइप लावून तो दाराबाहेर काढला आणि एकेकीचं भांडं भरायला लागली. सगळ्यांत पुढे काकू होत्या. त्यांच्या हंड्याच्या काठाला पोचा होता.

आबा मेंढरं मोजत नसत, ओळखत असत. कुठल्याचा कान फाटला, कुठल्याच्या पाठीवर डाग, सगळं डोक्यात. काल रात्री काकूंच्या दारातून त्यांनी तो पोचा पडलेला हंडा बघितला होता, काकू तो माठात ओतत असताना. त्यांचं दात घासणं थांबलं.

"बाई, तुमच्या घरी नळ न्हाई?" त्यांनी काकूंना विचारलं.

"नाय हो," काकू म्हणाल्या. "सगळ्या चाळीत एकच नळ, तुमच्या लेकीकडं. हिनं दार नाय उघडलं तर आमचा कुणाचा चहा व्हायचा नाय."

रांगेतल्या दोघी-तिघींनी माना हलवल्या. त्यांच्या दृष्टीनं ही रोजची गोष्ट होती. आबा मात्र ओट्यावर तसेच बसून राहिले, काळी बोटं तोंडाजवळ. सगळी चाळ माझ्या बहिणीच्या घरचं पाणी पीत होती. न पिणारा एकटा तिचा बाप, आणि तोही काल रात्रीपासून पितच होता.

त्यांनी अक्काकडे बघितलं. "तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय," अक्का म्हणाली. पाइप तिच्या हातात होता.

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी तहानलेले राहिले असते, आबा."

 काकूंचा हंडा भरून वाहायला लागला. आबांनी उठून चूळ भरली, घरात गेले, आणि कोपऱ्यातला तो कोरा तांब्या घेऊन बाहेर आले. मला वाटलं, सरळ नळाशी जातील. पण ते बायांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही पुढं या, तुमच्याच लेकीचं घर." आबा म्हणाले, "न्हाई. लाइन बराबर हाय. माझा नंबर येऊ द्या."

त्यांचा नंबर यायला बराच वेळ लागला. अक्का एकेकीचं भांडं भरत होती आणि मध्येमध्ये मनगटानं डोळे पुसत होती. शेवटी तिनं तांब्या भरला. आबा तिथंच उन्हात उभं राहून प्यायले, सगळा, खाली न ठेवता. मग तांब्या तिच्या हातात देऊन म्हणाले, "दुपारी काय करतीस जेवाया?"

अक्कानं रिकामा तांब्या पोटाशी धरला. पाइपातून पाणी तसंच अंगणात जात राहिलं, आणि पाण्यावरून रोज भांडणाऱ्या त्या चाळीत कुणीही नळ बंद करा म्हणालं नाही.

दुपारी तिनं काय केलं नाही ते विचारा. आबा जेवून तिथंच, तिच्याच घरात, भिंतीला पाठ लावून झोपले आणि घोरले. दाजी मला बाहेर घेऊन गेले आणि एक नारळ फोडून हातात दिला. गाडी दुसऱ्या दिवशी चालू झाली. चालू झाली म्हणजे खोकत होती, पण जात होती. निघताना अक्कानं नवा कॅन आणून आपल्या नळाचं पाणी भरून दिलं. येताना आबांनी कॅनला तोंडही न लावता तो जपत आणला होता. जाताना नगर यायच्या आत त्यांनी तो कॅन रिकामा केला.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मायनं पायावर पाणी दिलं, चहा ठेवला.

"कशी हाय?" तिनं विचारलं.

"बरी हाय," आबा म्हणाले. "समदी चाळ तिच्या शब्दावर हाय."

"आन् पाण्याचं कसं केलं?"

आबांना खरं तर शेजारणीच्या हंड्याची गोष्ट सांगता आली असती. ती सांगितली असती तर रीतही राहिली असती आणि तेही. पण ते म्हणाले, "पिलो. जेवलो बी."

"आन् रीत?"

"मोडली."

मायच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. ती त्यांच्याकडे बघत होती. रागानं नाही, नीट समजून घ्यायला बघावं तशी.

"एवढीच व्हती व्हय मोडायला?" ती म्हणाली. "मंग सहा वर्षं मी हितं काहून बसले?"

  गाळून दिलेल्या चहावर साय धरली तरी आबा कप उचलेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो तेव्हा माझी पाठ अजून सरळ होत नव्हती. गाडीजवळ माय उभी होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी, त्यात ज्वारीचं पीठ आणि अक्कासाठी खण. मी आबांकडे बघितलं. ते विहिरीवरून येत होते, हातात भरलेला कॅन. त्यांनी तो कॅरिअरला बांधायला घेतला.

"ते राहू द्या," माय म्हणाली. "माझ्या लेकीच्या घरी हाय पाणी."

आबांनी दोरी सोडली. माय मागं बसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी किक मारली.